चौदा हॉटेलं आणि एक कासव

माझी सगळी नोकरी नापास करण्यात गेली. बेंगळुरूच्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासनीस होते. शिवून आलेला शर्ट उचलायचा, उलटा करायचा, शिवण ओढून बघायची, टाका चुकला असेल तिथं लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि शर्ट परत पाठवायचा. चांगल्या शर्टाला काहीच लावायचं नसतं, तो नुसता पुढं सरकवायचा. त्यामुळं चांगल्या शर्टात चांगलं काय असतं, हे सांगायची वेळ माझ्यावर तेहतीस वर्षांत कधी आली नाही. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. लाल बाणांचं एक अर्धं गुंडाळं मी माझं मीच घेऊन आले.

खोड तशी घरातलीच. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरला, मशिदीच्या मागच्या गल्लीत, आमच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि वर घर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडं आलेलं की कुठल्या गावाहून आलो ते कुणालाच धड सांगता येत नाही. अण्णा म्हणायचे, "सुलट बाजू गिऱ्हाइकाची, उलट बाजू शिंप्याची." कपडा हातात आला की आधी आतून बघायचा. मी तो धडा इतका मनावर घेतला, की पुढं मला बघायला आलेली अकरा स्थळंही मी आतून बघितली. एकाचे दात, एकाची आई, एकाचं हसणं. अकराव्याच्या वेळी अण्णा म्हणाले, अगं तो माणूस आहे, कोट नव्हे. पण तोवर तोही गेला होता.

माझी मोठी बहीण, अक्का, अगदी वेगळी. ती दुकानात काजं करायची. बाराव्या वर्षापासून. छावणीतल्या, म्हणजे कँटोन्मेंटमधल्या, मोठमोठ्या हॉटेलांच्या दरवानांचे आणि वाढप्यांचे गणवेश आमच्याकडं शिवले जायचे, आणि निळ्या जाड कोटांची एकूण एक काजं अक्काच्या हातची असायची. तयार गठ्ठा घेऊन ती अण्णांबरोबर जायची तेव्हा दोघांना मागच्या दारानं, स्वयंपाकघराच्या बाजूनं आत घेत. पुढच्या दारात तिचीच काजं घातलेला माणूस उभा असायचा, पण तिथून ती कधी आत गेली नाही. याबद्दल ती तक्रार करायची नाही. ती तक्रार करायचीच नाही, कशाबद्दलच. घरातल्या तक्रारींचं खातं माझ्याकडं होतं.

तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी जे. पी. नगरला माझ्या घरी राहतो. मी एकसष्ट, ती अडुसष्ट. ती मला अजून पुट्टी म्हणते, म्हणजे छोटी.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अक्काच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल. किती दिवसांत? वर्ष, दीड वर्ष, नक्की सांगता येत नाही. बाहेरच्या खोलीत आम्ही पुढच्या तपासणीसाठी बसलो होतो. अक्काच्या डोळ्यांत थेंब घातलेले, आणि भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही चाललेला. मोरोक्कोतलं फेझ नावाचं जुनं शहर दाखवत होते. एक माणूस जमिनीवर मांडी घालून, नखाएवढे फरशीचे तुकडे हातोडीनं घडवत होता. मग एका जुन्या घराचा आतला चौक दिसला, त्याची भिंत खालपासून वरपर्यंत तशाच तुकड्यांची, निळी-हिरवी. अक्कानं माझं मनगट पकडलं.

"पुट्टी, हा माणूस काजं करायला बसला असता तर अण्णांनी मला घरी पाठवलं असतं."

मी हसले. तिनं मनगट सोडलं नाही.

"ही भिंत मला बघायचीय. डोळे जायच्या आत. आणि राहायचं तर असल्याच घरात राहायचं. पुढच्या दारानं जायचं."

आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं काहीतरी मागितलं होतं. मी लगेच म्हटलं, हॉटेल मी निवडते. यात माझं प्रेम होतं, हे मी शपथेवर सांगते. पण थोडा अधाशीपणाही होता. कारखाना सुटल्यापासून मला नापास करायला कुणी मिळालं नव्हतं.

अक्काची सून पुण्याची. कंपनीत नोकरी करते आणि के. आर. पुरमहून महिन्यातून दोन रविवार सगळं शहर ओलांडून आमच्याकडं येते. ती म्हणाली, "मावशी, एका संध्याकाळचं काम आहे. सर्च करायचं, फिल्टर लावायचा, बुक करायचं. फ्री कॅन्सलेशन असतं."

मी तिला म्हटलं, तुला कपड्यातलं काय कळतं. तिला वाटलं मी हॉटेलबद्दल बोलतेय आणि शब्द चुकतेय. आमचं मराठी तिला तसंही निम्मंच कळतं.

त्या एका संध्याकाळचे आठ महिने झाले.

फेझच्या जुन्या गावात श्रीमंतांची जुनी घरं होती, त्यांचीच आता आलिशान हॉटेलं झालीत. रियाद म्हणतात. गल्लीकडं नुसती कोरी भिंत, एक लहानसा दरवाजा, आणि सगळा थाट आत, चौकात. म्हणजे अस्तर बाहेर आणि जरी आत. खरं तर हे वाचल्याबरोबर मला कळायला हवं होतं, की इथं अण्णांचा नियम चालायचा नाही. पण मी दोनशे पानी रजिस्टर आणलं, चौदा हॉटेलं निवडली, आणि प्रत्येकाला चार पानं दिली.

माझी पद्धत अशी. प्रत्येक हॉटेलाखाली राहून गेलेल्या लोकांनी अभिप्राय लिहिलेले असतात. पाच तारे देणाऱ्यांचे मी वाचायचेच नाही. सुखी माणसाला काय कळतं? एक तारा देणारा माणूस खरा, त्यानं आतून बघितलेलं असतं. त्याची प्रत्येक तक्रार मी मराठीत रजिस्टरात उतरवायची, फोटो छापून आणून समोर चिकटवायचा, आणि जिथं दोष असेल तिथं लाल बाण. एका हॉटेलात एक्केचाळीस पायऱ्या आणि कठडा नाही, बाण. हा एक बाण खरोखर अक्कासाठी होता. बाकीचे माझ्या हौसेचे होते. एकाचे टॉवेल खरखरीत. एकाच्या दिव्यांना पिवळा उजेड. एकाच्या गादीची शिवण फोटोतच तिरकी दिसत होती. एकाचा व्यवस्थापक फोटोत जरा जास्तच हसत होता, आणि मला अकराव्या स्थळाची आठवण झाली.

तिसरं हॉटेल तर मी पहिल्याच आठवड्यात बाद केलं. कुठल्याशा जोडप्यानं तिथं चार रात्री काढून चिडून लांबलचक लिहिलं होतं. चौकातलं कारंजं थांबतच नाही. उजाडायच्या आधी पक्षी कलकलाट करतात. शेजारची अजान अगदी उशाशी होते. संत्र्याच्या फुलांच्या वासानं डोकं चढतं. गल्लीतून खेचरं हाकणारे सकाळपासून ओरडत असतात. आणि हॉटेलात एक पाळलेलं कासव आहे, ते नाश्त्याच्या वेळी येऊन बुटांना धडका देतं. एका फोटोवर सहा बाण लागले, मागची भिंत दिसेना झाली. इतकं नापास मी कारखान्यातही कुणाला केलं नव्हतं.

सातव्या हॉटेलाला मी सत्तावीस प्रश्न पाठवले. पायऱ्यांची उंची, शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी असतात का, गरम पाणी यायला किती वेळ लागतो. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. सव्वीस प्रश्नांची उत्तरं होती. सत्ताविसाव्याबद्दल, म्हणजे सकाळी अकरा वाजता फरशीवर ऊन पडून डोळ्यांना त्रास होतो का, याबद्दल लिहिलं होतं, की बाईसाहेब, आपण येऊनच बघावं. मला तो आगाऊपणा वाटला. सातवं बाद.

रोज संध्याकाळी कॉफीच्या वेळी मी अक्काला फोनवर फोटो दाखवायची. ती फोन हातात घ्यायची, मान जराशी तिरकी करायची, आणि म्हणायची, "चंद आहे." आमच्याकडं छानला चंद म्हणतात, कानडीतलं. पहिलं हॉटेल चंद, दुसरं चंद, पाचवं चंद, नववंही चंद. मी वैतागायची.

"अक्का, सगळीच कशी चंद असतील? नीट बघ तरी."

"बघते की. चंद आहे."

"हिला काही कळत नाही," असं मी सुनेला फोनवर सांगायची. अक्काला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

अधूनमधून ती मात्र एवढंच विचारायची, "पुट्टी, ठरलं का गं?" मी म्हणायची, स्वल्प थांब, दोन राहिलीत. मग ती म्हणायची, "सरी," म्हणजे बरं. एकदाच म्हणाली, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हटलं, घाईत केलेलं काम उसवावं लागतं. हेही अण्णांचंच वाक्य होतं. अण्णांची वाक्यं मी नेहमी माझ्या सोयीनं वापरली.

दर दोन महिन्यांनी तिला मी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. आत ती एकटीच जायची. बाहेर येऊन सांगायची, सरी आहे, आहे तसंच आहे. मी विश्वास ठेवायची, कारण चालताना ती कुठं अडखळत नव्हती, दाराला धडकत नव्हती, रिक्षातून उतरताना पाऊल चुकत नव्हतं. सुई मात्र ती मला ओवायला सांगू लागली होती. मला वाटलं वय झालं. कॉफी ओतताना पेल्यात बोट बुडवून ठेवायची, तर मी ओरडले होते, ही कसली घाणेरडी सवय लावून घेतलीस? हातभर अंतरावरून सुटलेला टाका दिसायचा मला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तो रविवार. सून आली होती. तिघींची कॉफी चालली होती. चौदावं हॉटेल त्या दिवशी जवळजवळ पास होत आलं होतं, एकच बाण होता. मी मोठ्या ऐटीत फोन अक्काच्या हातात दिला आणि म्हटलं, "ही बघ तुझी भिंत."

अक्कानं मान तिरकी केली. बराच वेळ बघितलं. "चंद आहे," ती म्हणाली. "काय बारीक काम आहे, नाही? निळं किती गोड आहे."

सून तिच्या खांद्यावरून डोकावली आणि फिस्सकन हसली. "आई, अहो हा आपल्या बाथरूमचा पाइप आहे!"

प्लंबरला दाखवायला मी गळक्या पाइपाचा फोटो काढला होता. घाईत बोट सरकून तोच उघडला होता. करडा पाइप, खाली लाल बादली. निळं त्यात काहीही नव्हतं.

सून अजून हसत होती. मी अक्काकडं बघत होते, आणि अक्का माझ्या कानाकडं बघत होती. म्हणजे मला तेव्हा कळलं, की गेले कित्येक महिने ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडंच बघते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून, असेल." मग म्हणाली, "कडेचं सगळं दिसतं गं. ज्याच्याकडं बघायला जावं, तेवढंच जातं."

दिवाळीला मी पाचव्या हॉटेलावर होते.

मला आधी राग आला. तिचाच. सांगितलं का नाहीस, खोटं का बोललीस, डॉक्टरांना काय म्हणू, असं मी बरंच काही बोलले. ती ऐकून घेत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "तू एवढ्या हौसेनं दाखवायचीस. कारखाना सुटल्यापासून तुला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं."

तेव्हा मात्र मला रडू आलं. सुनेसमोर, पदरात तोंड घालून. तिनं एक गोष्ट मागितली होती, डोळे जायच्या आत, आणि ते आठ महिने मी टॉवेल तपासण्यात घालवले होते. कुठल्याही कारखान्यानं मला त्या दिवशी दारातूनच परत पाठवलं असतं.

अक्कानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "अय्यो, साकु आता, पुरे. ते रजिस्टर आण आणि वाच."

"त्यात नुसत्या तक्रारी आहेत."

"त्याच वाच."

मी वाचायला घेतलं. टॉवेल खरखरीत. "पुढं." दिवा पिवळा. "पुढं." मग तिसरं आलं. मी पान उलटणार होते, पण तिनं हात धरला. कारंजं थांबत नाही. पक्षी कलकलाट करतात. शेजारी अजान होते.

"कितीची? अण्णा दुकान उघडायचे तेव्हाची?"

शिवाजीनगरच्या घरात आम्ही त्याच अजानेवर उठत होतो. पंचवीस वर्षं. ती झाली की अण्णा किल्ल्या घेऊन जिना उतरायचे. आणि मी त्या ओळीवर लाल बाण लावला होता.

संत्र्याच्या फुलांचा वास. खेचरवाल्यांची ओरड. कासवाशी आले तेव्हा अक्का हसायला लागली, ती थांबेना. डोळे पुसत म्हणाली, "हेच. इथंच जायचं."

"अक्का, यात सहा दोष आहेत!"

"यातल्या एका तरी दोषाला डोळे लागतात का, सांग."

सुनेनं तोवर फोन काढला होता. तारखा विचारल्या, आमचे पासपोर्ट मागितले, आणि तिची कॉफी निवायच्या आत हॉटेल ठरलंसुद्धा. मी तिला म्हटलं, जरा थांब, पायऱ्या विचारायच्या राहिल्या. ती म्हणाली, "मावशी, तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय, खोली तळमजल्यावर आहे." लिहिलं होतं खरं, माझ्याच अक्षरात. बाण लावण्याच्या नादात माझं लक्ष गेलं नव्हतं.

आम्ही गेलो. वाटेतल्या विमानांबद्दल आणि मी पाहिलेल्या प्रत्येक उशीच्या शिवणीबद्दल इथं लिहीत नाही. जुन्या गावात गाडी जात नाही, तेव्हा शेवटचा भाग पायी. माझ्या दंडाला धरून अक्का अरुंद गल्लीतून माझ्यापेक्षा बरी चालली, कारण मी सारखी भिंतींचे पोपडे मोजत होते. खेचर आलं की ओरड व्हायची, आणि ती ओरड ऐकून माझ्याआधी अक्का बाजूला व्हायची.

दरवाजा लहानसाच होता. दारात निळ्या कोटातला उंच माणूस उभा होता, त्यानं वाकून दार उघडलं. अक्का उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं पायरी दिसली नसेल. पण तिनं हात पुढं केला, त्या माणसाच्या कोटाची कड अंगठा आणि बोटात धरली, आणि काजावरून अंगठा फिरवला. एक, मग त्याखालचं दुसरं. मी लाजेनं अर्धी झाले. तो माणूस मात्र, काय समजला कोण जाणे, छाती ताठ करून उभा राहिला.

"हातचं आहे," अक्का मला म्हणाली. "चंद केलंय." आणि पुढच्या दारानं आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात भिंतीसमोर बसलो. कारंजं चालू होतं, पक्षी खरोखरच फार ओरडत होते. खुर्चीवरची उशी मी सवयीनं उलटी करून पाहिली आणि परत ठेवली. अक्का भिंतीकडं तोंड करून बसली होती, मान तिरकी.

"कडेनं निळं-निळं कळतंय," ती म्हणाली. "बघायला गेलं की जातंय. तू सांग."

मी भिंतीकडं पाहिलं आणि सुरुवात केली. "खालून तिसऱ्या ओळीत एक तुकडा निखळलाय. डाव्या कोपऱ्यात रंग उडालाय, आणि..."

"अय्यो, उलट नको गं," अक्का म्हणाली. "सुलट सांग."

शोधून शब्द सापडेना. तेहतीस वर्षं चांगला शर्ट नुसता पुढं सरकवत आले होते. अक्का वाट बघत होती. आठ महिने पाहिली तशीच, न कुरकुरता.

"निळा आहे," मी म्हटलं.

"कसला निळा?"

"दरवानांच्या कोटांचा असायचा ना, अण्णांकडं, तो. नवा कोरा. धुवायच्या आधीचा."

"हं. मग?"

"त्याच्या शेजारी पांढरा. नखाएवढा. चांदणीसारखा कापलाय, आठ टोकं आहेत. आणि आठही टोकं..." मला परत थांबावं लागलं, पण या वेळी शब्दांसाठी नाही. "आठही टोकं बरोबर जुळलीत, अक्का. कुठंच फट नाही."

"सावकाश सांग," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी?"

कासव आलं आणि माझ्या चपलेला धडकलं. मी पाय तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारचा हिरवा सांगायला घेतला. जेवणाची वेळ होईपर्यंत आमच्या चार ओळी झाल्या. भिंत पार छतापर्यंत होती, आणि आम्ही पाच दिवस राहणार होतो.